इमूच्या पिल्लाचा पाय फिरला की सगळे कॅल्शियम देतात, पण खरा घोळ तिथेच होतो

सोमवारी पिल्लू बाकीच्यांसोबत धावत होतं. बुधवारी ते जरा मागे पडायला लागलं. शुक्रवारी बघितलं तर एक पाय सरळ, पण दुसऱ्या पायाची बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली. खाणंपिणं व्यवस्थित, डोळे चमकदार, कुठे जखम नाही. फक्त पाय फिरलेला.

इमू किंवा शहामृग पाळलेल्या माणसाला एवढं सांगितलं तर पुढचं तो स्वतःच सांगेल. पिल्लू आधी लंगडतं, मग बसून राहायला लागतं, मग त्याला खाद्यापर्यंत जाता येत नाही आणि काही दिवसांत विषय संपतो. महिना-दोन महिन्यांची, अगदी टुणटुणीत दिसणारी पिल्लं अशी हातची जातात.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ठरलेला असतो. "हाडं कमजोर आहेत, कॅल्शियम द्या." ऐकायला बरोबर वाटतं. हाडं कॅल्शियमची असतात हे शाळेतच शिकवलेलं असतं. पण या पक्ष्यांच्या बाबतीत हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि कधीकधी त्यानेच पाय आणखी बिघडतात.

हे कसं काय, ते नीट समजून घेऊ.

आधी हे पक्षी कोणते?

शहामृग, इमू, ऱ्हिया, कॅसोवरी आणि किवी हे सगळे न उडणाऱ्या पक्ष्यांच्या एकाच गटातले. शहामृग आफ्रिकेतला, इमू ऑस्ट्रेलियातला, ऱ्हिया दक्षिण अमेरिकेतला, कॅसोवरी न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियातला, तर किवी न्यूझीलंडचा.

यांचे पंख नावापुरते असतात, त्यामुळे सगळी भिस्त पायांवर. शहामृग ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने पळू शकतो, इमू ५० च्या आसपास. एका पंखाला इजा झालेली चिमणी निदान दोन पायांवर उभी राहते. पण पाय गेलेला शहामृग उभाच राहू शकत नाही. शंभर किलोचा पक्षी सतत बसून राहिला की अंगाखाली जखमा होतात, पचन बिघडतं. म्हणून या पक्ष्यांमध्ये पायाचं दुखणं हा थेट जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

एक गंमत इथेच सांगायला हवी. या पक्ष्यांचा गुडघा उलटा वाकतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो गुडघा नसतोच, तो घोटा असतो. खरा गुडघा वर, पिसांच्या आत लपलेला असतो. गुडघा ते घोटा हे एक लांब हाड आणि घोटा ते बोटं हे दुसरं लांब हाड. पिल्लांच्या पायाचे बहुतेक घोळ या दोन हाडांत आणि त्यांच्यामधल्या सांध्यात होतात.

वाढीचा वेग हीच मोठी अडचण

शहामृगाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा एक किलोपेक्षाही कमी भरतं. चांगलं खायला मिळालं तर वर्षभरात ते शंभर किलोच्या आसपास जातं. म्हणजे तीन किलोचं बाळ पहिल्या वाढदिवसाला तीनशे किलोचं व्हावं, तसा हा प्रकार. पहिले काही महिने त्याची उंची महिन्याला जवळपास एक फूट वाढते. इमू थोडा सबुरीने वाढतो. पण त्याचंही चारशे-साडेचारशे ग्रॅमचं पिल्लू तीनेक महिन्यांत दहा किलोच्या घरात पोचतं.

आता हाड वाढतं कसं? लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वर असते तशी लवचीक ऊती. तिथे आधी कूर्चा तयार होते, मग तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार बसतात आणि तिचं टणक हाड बनतं. आधी साचा, मग त्यात भरणी. घराचा स्लॅब टाकताना आधी लाकडी फळ्या ठोकतात आणि मग काँक्रीट ओततात, तसंच काहीसं.

यात गडबड दोन ठिकाणी होऊ शकते. साचा नीट झाला नाही तर हाडाचा आकार बिघडतो. भरणी कमी पडली तर हाड मऊ राहतं. आणि वरचं वजन मात्र रोज वाढतच असतं. स्लॅब सुकायच्या आत त्यावर पाण्याची टाकी ठेवली तर जे होईल, ते इथे पायाचं होतं.

सगळे वाकडे पाय सारखे नसतात

ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. लांबून बघितलं तर सगळी पिल्लं फक्त 'लंगडी' दिसतात, पण आतली कारणं वेगवेगळी असतात.

मुडदूस : माणसाच्या मुलांना होतो तोच आजार. कॅल्शियम, फॉस्फरस किंवा ड जीवनसत्त्व यांपैकी काहीतरी कमी पडतं. हाडं मऊ राहतात आणि वजनाने वाकतात. सांधे सुजल्यासारखे दिसतात. चोचसुद्धा बोटाने दाबली तर रबरासारखी लवते.

शिर निसटणं : पोल्ट्रीवाल्यांमध्ये याला पेरोसिस म्हणतात. इथे हाड मऊ नसतं, पण आखूड आणि जाडसर राहतं, घोट्याचा सांधा चपटा होतो. घोट्याच्या मागच्या खाचेतून जाणारी जाड शिर बाजूला घसरते आणि पाय एकदम वाकडा पडतो. याचं ओळखीचं कारण म्हणजे मँगनीज कमी पडणं. कोलीन, बायोटिन यांसारखी जीवनसत्त्वं कमी पडली तरीही असं होतं.

हाड फिरणं : गुडघा ते घोटा हे हाड स्वतःभोवती पीळ खातं आणि पाय बाहेर वळतो. सुरुवातीला सांगितलेलं पिल्लू या प्रकारातलं. शहामृगांत बहुतेकदा उजवा पाय फिरतो. साधारण दोन आठवडे ते सहा महिने या वयात हे दिसतं. याचं एकच एक कारण नाही. वेगाने वाढलेलं वजन, कमी चालणं, खनिजांचा बिघडलेला मेळ, आनुवंशिकता, घसरून झालेली इजा, असं बरंच काही एकत्र येतं.

पाय फाकणं : दोन्ही पाय बाजूंना पसरतात, पिल्लू बेडकासारखं पडून राहतं. हे पहिल्या काही दिवसांतच दिसतं. बहुतेकदा कारण असतं गुळगुळीत जमीन किंवा उबवणीत झालेली चूक.

बोटं वळणं : पायाचं बोट एका बाजूला कलतं किंवा आत मुडपतं. उबवणीतल्या चुका आणि ब२ सारख्या जीवनसत्त्वांची कमतरता ही त्याची ओळखीची कारणं.

पाच प्रकार, पाच वेगळी कारणं. यातल्या फक्त एकात, म्हणजे मुडदुसात, कॅल्शियम देण्याला अर्थ असू शकतो. तिथेसुद्धा कमी काय पडलंय ते आधी कळायला हवं.

कॅल्शियम एकटं काम करत नाही

हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण दोनास एक या प्रमाणात बसतात. त्यामुळे पिल्लाच्या खाद्यातही या दोघांचा मेळ लागतो. एक भरपूर आणि दुसरं कमी असेल तर भरपूर असलेलं वाया तर जातंच, वर दुसऱ्याची वाटही अडवतं.

नुसत्या धान्यावर पिल्लं वाढवली तर काय होतं बघा. मक्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास दहापट असतो. गव्हाच्या कोंड्यातही तेच, फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम नावाला. त्यातही एक मेख आहे. धान्यातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि पिल्लांना तो नीट पचवता येत नाही. म्हणजे कागदावर फॉस्फरस दिसतो, पण हाडापर्यंत पोचत नाही. म्हणूनच खाद्य बनवणारे त्यात डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट घालतात. त्यातून दोन्ही खनिजं मिळतात.

आता उलटी बाजू. समजा पिल्लांचं स्टार्टर मॅश चांगलं आहे. त्यात १.५ टक्के कॅल्शियम आणि ०.८ टक्के फॉस्फरस आहे. म्हणजे १०० किलो मॅशमध्ये दीड किलो कॅल्शियम आणि ८०० ग्रॅम फॉस्फरस. दोघांचं प्रमाण दोनास एकच्या जवळ, सगळं ठीक.

एका पिल्लाचा पाय फिरला म्हणून मालकाने घाबरून त्यात दोन किलो चुनखडीची पावडर मिसळली. या पावडरीत साधारण ३८ टक्के कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस जवळपास शून्य. म्हणजे ७६० ग्रॅम कॅल्शियम वाढलं. आता कॅल्शियम झालं सुमारे २.२ टक्के, फॉस्फरस आहे तिथेच आणि प्रमाण गेलं जवळपास तीनास एकवर. दोन किलो पावडर म्हणजे फार काही नाही असं वाटतं, पण मेळ तेवढ्यानेही बिघडतो.

जादा कॅल्शियम आतड्यात फॉस्फरसला धरून ठेवतं आणि तो अंगी लागत नाही. मग फॉस्फरसच्या कमतरतेने मुडदूस होऊ शकतो. म्हणजे ज्या आजाराच्या भीतीने कॅल्शियम दिलं, तोच आजार दुसऱ्या दाराने घरात येतो. शिवाय जादा कॅल्शियम मँगनीज आणि जस्त यांनाही अडवतं. ही दोन्ही खनिजं कूर्चेच्या साच्यासाठी लागतात. आणि अंगातलं नको असलेलं कॅल्शियम बाहेर टाकताना लहान पिल्लांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो तो वेगळाच.

म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर फीड इमूच्या पिल्लांना घालणं धोक्याचं असतं. त्या कोंबडीला रोज एक कवच बनवायचं असतं, त्यामुळे तिच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लाला यातलं अर्धंही लागत नाही. दुसरीकडे ब्रॉयलरचं खाद्य दिलं तर त्यातून वजन झपाट्याने वाढतं, आणि वाढत्या पायांवर नेमका तोच भार नको असतो.

१९३६ ची गोष्ट

हा सगळा गोंधळ नवा नाही. १९२० आणि ३० च्या दशकात अमेरिकेत कोंबड्या मोकळ्या अंगणातून बंद शेडमध्ये आल्या. तेव्हा हजारो पिल्लांच्या घोट्याची शिर निसटायला लागली. पाय अधू होतोय म्हटल्यावर हाडांची भुकटी वाढवणं हा साहजिक उपाय होता, पण तिने आजार कमी व्हायच्या ऐवजी वाढला. गंमत म्हणजे खाद्यात भाताचा कोंडा असला की हा त्रास कमी दिसायचा. याचं कारण कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

१९३६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर या तिघांनी दाखवून दिलं की इथे कमी पडतंय ते मँगनीज. भाताच्या कोंड्यात मँगनीज चांगलं असतं, म्हणून त्याचा उपयोग होत होता. हाडांच्या भुकटीतलं जादा कॅल्शियम आणि फॉस्फरस मात्र होतं नव्हतं ते मँगनीजही आतड्यातच अडवत होतं.

मँगनीज लागतं किती? अगदी थोडं, मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतकं. पण कूर्चेचा साचा ज्या पदार्थापासून बनतो तो तयार करणाऱ्या विकरांना मँगनीज लागतंच. ते नसेल तर साचाच अपुरा राहतो. मग वरून कितीही कॅल्शियम ओता, भरणी होणार कशात?

जस्ताचंही असंच. शिवाय क्षार आणि जीवनसत्त्व ई हे स्नायूंसाठी. सेलेनियम नावाचं खनिज आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं तर हाडं धड असूनही स्नायू लुळे पडतात आणि पिल्लू उभं राहत नाही. पण सेलेनियम जरा जास्त झालं तरी विषारी ठरतं, त्यामुळे ते अंदाजाने देण्याची गोष्ट नाही.

ऊन, काच आणि उघडे पाय

कॅल्शियम आतड्यातून रक्तात आणायचं तर ड जीवनसत्त्व लागतं. ते दोन मार्गांनी मिळतं, खाद्यातून किंवा उन्हातून. पक्ष्यांच्या कातडीत, विशेषतः पिसं नसलेल्या पायांच्या कातडीत, एक पदार्थ असतो. उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले की त्याचं ड३ जीवनसत्त्व बनतं. म्हणजे पिल्लाचे उघडे पायच ऊन घेऊन पायांच्या हाडांची सोय करतात.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, पिल्लं थंडीपासून वाचवायला काचेच्या खिडकीआड ठेवली जातात. ऊन आत येतं, ऊबही येते, पण साधी काच ते उपयोगी किरण अडवते. ब्रुडरच्या पिवळ्या बल्बमधून फक्त ऊब मिळते, ड जीवनसत्त्व नाही. दुसरी चूक म्हणजे माणसांचं कुठलंही औषध आणून देणं. ड जीवनसत्त्वाचे ड२ आणि ड३ असे दोन प्रकार असतात. पक्ष्यांना ड३ चा उपयोग होतो, ड२ त्यांच्या अंगी फारच कमी लागतं.

आणि इथेही अतिरेक नको. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. ते फार झालं तर मूत्रपिंडांत आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. चार-चार दिवस ऊन नाही आणि शेडमध्ये दमट हवा. अशा हवेत उघड्या पोत्यातल्या प्रीमिक्समधली जीवनसत्त्वं लवकर कमजोर होतात. मक्याला बुरशी लागली तर तिचं विष यकृताला त्रास देतं, आणि ड जीवनसत्त्वावरची पहिली प्रक्रिया यकृतातच होते. म्हणजे खाद्याचं लेबल ठीक, पण गोदाम ओलं, तर पिल्लाच्या पायाला त्याची झळ बसते.

गोष्ट अंड्यापासून सुरू होते

पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याच्या पोटात अंड्यातला उरलेला बलक असतो. पहिले काही दिवस ते त्यावरच निघतात. कवचातून कॅल्शियम घेऊन त्याचा सांगाडा तयार झालेला असतो आणि मँगनीज, जस्त, जीवनसत्त्वं बलकातून आलेली असतात. आईच्या खाद्यात ती कमी असतील तर पिल्लू कर्ज डोक्यावर घेऊनच जन्माला येतं. पहिल्याच आठवड्यात एकाच मादीची पिल्लं पायाने अधू निघत असतील, तर आधी मादीचं खाद्य आणि तिची वंशावळ तपासायची असते.

उबवणीचंही तसंच. शहामृगाचं अंडं सुमारे ४२ दिवस, तर इमूचं ५० दिवसांच्या आसपास उबवावं लागतं. या काळात अंड्यातलं पाणी ठरावीक प्रमाणात उडून जायला हवं. शहामृगाच्या अंड्याचं वजन साधारण १२ ते १५ टक्क्यांनी घटलं पाहिजे. मशीनमध्ये दमटपणा जास्त राहिला तर पिल्लू पाणी धरून, सुजलेलं बाहेर येतं. अशा पिल्लाला उभं राहताना पाय सावरत नाहीत आणि ते फाकतात.

बाप पिल्लांना चालवतो

रानात इमूची अंडी नर उबवतो. जवळपास आठ आठवडे तो अंड्यांवर बसतो आणि या काळात जवळजवळ काहीच खात नाही. पिल्लं निघाली की तोच त्यांना घेऊन फिरतो. किडे, कोवळे कोंब, बिया असं मिळेल ते टिपत ही पट्टेरी पिल्लं दिवसभर बापामागे चालत असतात.

बंदिस्त जागेत हेच नेमकं उलटं होतं. समोर भरलेलं भांडं, शेजारी पाणी आणि फिरायला दहा फूट जागा. पोट भरतं, वजन वाढतं, पण पाय वापरलेच जात नाहीत. हाड हे वापराप्रमाणे घट्ट होतं. चालण्याचा ताण पडला नाही तर मोजूनमापून दिलेली खनिजंही पूर्ण कामी येत नाहीत. म्हणून जाणकार पिल्लांसाठी रुंद खोलीपेक्षा लांबट पट्टा पसंत करतात. एका टोकाला खाद्य आणि दुसऱ्या टोकाला पाणी ठेवलं की पिल्लाला दिवसातून पन्नास वेळा चालावंच लागतं.

जमीन कशी आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. फरशी, पत्रा, प्लास्टिक, वर्तमानपत्र यांवर पिल्लू घसरतं. रबरी मॅट किंवा घट्ट विणीचं गोणपाट चालतं. पण गोणपाटाचे दोरे सुटलेले नकोत. ही पिल्लं दिसेल ते गिळतात आणि दोरे किंवा लांब पेंढा पोटात गोळा होऊन अडकतो.

जगात काय अनुभव आहे?

शहामृगपालनाचं सगळ्यात जुनं केंद्र म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं आउट्सहूर्न. १८६० च्या दशकापासून तिथे पिसांसाठी शहामृग पाळले जाऊ लागले. १९१४ च्या सुमारास पिसांची फॅशन ओसरली आणि तो बाजार कोसळला, पण शहामृग टिकले. तिथल्या पक्ष्यांचा मुख्य चारा म्हणजे लसूणघास. या हिरव्या चाऱ्यात धान्याच्या कितीतरी पट कॅल्शियम असतं आणि तंतू भरपूर असल्याने पोट भरतं, पण वजन भरमसाट वाढत नाही. महाराष्ट्रात दुभत्या जनावरांसाठी लावतात तोच हा लसूणघास. फक्त लहान पिल्लांना तो बारीक कापूनच द्यावा लागतो, नाहीतर लांब काड्या पोटात अडकतात.

न्यूझीलंडमध्ये किवी वाचवण्यासाठी १९९० च्या दशकापासून रानातली अंडी गोळा करून पिल्लं सुरक्षित जागी वाढवली जातात. ती साधारण किलोभर वजनाची झाली की स्टोट नावाच्या शिकारी प्राण्याला तोंड देऊ शकतात, मग त्यांना पुन्हा रानात सोडतात. रानात किवी गांडुळं आणि किडे खातो. बंदिस्त जागेत त्याऐवजी बैलाच्या हृदयाच्या मांसाच्या पट्ट्या, टोफू, फळं, भाज्या असं दिलं जात आलं आहे. पण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, म्हणून त्यात खनिजं आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण मोजून घालावंच लागतं. पक्षी छोटा असो की मोठा, हिशोब तोच राहतो.

आणि आपल्याकडे?

भारतात इमू १९९० च्या दशकात आले आणि २००० नंतर आंध्र, तमिळनाडू, महाराष्ट्रात इमूपालनाची लाट आली. तेल, मांस, कातडं, पिसं, सगळं विकलं जाणार असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात बराचसा धंदा चालला तो नव्या शेतकऱ्याला पिल्लं विकण्यावर. २०१२ मध्ये तमिळनाडूच्या इरोड जिल्ह्यातल्या पेरुंदुराई इथली इमू गुंतवणुकीची मोठी योजना कोसळली आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. महाराष्ट्रातही गिऱ्हाईक मिळेना, खाद्याचा खर्च झेपेना, आणि एकामागून एक फार्म बंद पडले.

तरीही इमू पूर्ण गेलेले नाहीत. काही फार्महाउसवर, कृषी पर्यटन केंद्रांत, छोट्या पक्षी उद्यानांत ते आजही दिसतात. सोशल मीडियावर पट्टेरी पिल्लांचे व्हिडिओ बघून हौसेने घेणारेही आहेत. अशा ठिकाणी इमूचं वेगळं खाद्य हाताशी नसतं. मग कोंबडीचं खाद्य, घरातला भात, पोळी, थोडी भाजी असं काहीही घातलं जातं. व्हिडिओतलं गोंडस पिल्लू तीन महिन्यांनी दहा किलोचं होतं आणि तोपर्यंत पायाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

पाय वाकडा दिसला तर नेमकं काय करायचं?

पहिली गोष्ट, वेळ घालवायचा नाही. वळलेलं बोट पहिल्या काही दिवसांतच मऊ पट्टीने सरळ बांधलं तर बहुतेकदा ठीक होतं. फाकलेले पाय योग्य अंतरावर मऊ पट्टीने एकमेकांना जोडून ठेवले आणि खालची जमीन बदलली तर पिल्लू सावरू शकतं. पण वाढत्या पिल्लाचं हाड एकदा पूर्ण फिरलं की ते परत जागेवर आणणं फार अवघड असतं. शस्त्रक्रियेलाही फारसं यश येत नाही. अशा वेळी पक्ष्याचे हाल थांबवण्यासाठी त्याला वेदनेविना मरण द्यायचा निर्णय पशुवैद्यांना घ्यावा लागतो. म्हणून खरा उपचार म्हणजे बाकीच्या पिल्लांचे पाय वाचवणं.

दुसरी गोष्ट, अंदाजाने काही घालायचं नाही. आहे त्या खाद्याचं लेबल, त्यात वरून काय मिसळलं आणि किती, पाणी कुठलं, पिल्लं उन्हात किती वेळ असतात, हे सगळं लिहून पशुवैद्यांकडे न्यायचं. एक्स-रेमध्ये हाड मऊ आहे की फक्त फिरलेलं आहे, हे कळतं.

तिसरी, फक्त रक्तातल्या कॅल्शियमच्या आकड्यावर विसंबायचं नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी व्हायला लागलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि हाडं मात्र पोखरत असतात. फॉस्फरसची पातळी, एक्स-रे आणि खाद्याची प्रयोगशाळेतली तपासणी, हे एकत्र बघितलं तरच चित्र स्पष्ट होतं. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो.

चौथी, खनिज घालायचंच ठरलं तर ते पशुखाद्याच्या दर्जाचंच घ्यायचं. खतासाठी मिळणाऱ्या रॉक फॉस्फेटमध्ये फ्लोरिन असतं आणि ते हाडांनाच त्रास देतं. स्वस्तात मिळालं म्हणून ते पिल्लांच्या खाद्यात टाकायचं नाही.

आणि शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे. पिल्लांचं दर आठवड्याला वजन करायचं आणि चालताना त्यांच्याकडे मागून बघायचं. वजन उड्या मारत वाढत असेल तर खाद्यातली ऊर्जा कमी करून हिरवा चारा वाढवायचा आणि फिरण्याची जागा मोठी करायची. बोटं जराशी बाहेर वळलेली दिसली की त्याच दिवशी हालचाल करायची. सोमवारी धावणारं पिल्लू शुक्रवारी बसून राहतं, तेव्हा हातात असतात ते मधले तीन-चार दिवसच. ते चुनखडीची पावडर मिसळण्यात गेले, तर पुढच्या सोमवारी शेडमध्ये दुसरं पिल्लू लंगडत असतं.